महालक्ष्म्या बसायच्या आत

वीसहून अधिक वर्षं झाली, मी पहिलीचा वर्ग शिकवते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीची बाई असणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. अ-आ-इ-ई फार नंतर येतं. आधी पोरांना वेळेवर बाहेर जायला शिकवावं लागतं. कोण चुळबुळ करतंय, कोण अचानक गप्प झालंय, कोणाचं पाटीवरचं लक्ष उडालंय, हे मला फळ्याकडे तोंड करूनही कळतं, असा माझा दावा होता. धाडच्या आठवडी बाजारात आता मिशा फुटलेले बाप्ये भेटतात, 'मॅडम' म्हणून वाकून नमस्कार करतात. माझ्या मनात येतं, बाबा रे, तुझी चड्डी मी किती वेळा शाळेच्या खिडकीत वाळत घातली, ते तुझ्या बायकोला सांगू का?

तेव्हा कुत्र्याच्या एका पिल्लाला शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तसं मी घरात जाहीरच करून टाकलं. तोंड आवरत नाही हा माझा जुना दोष आहे.

पिल्लू शाळेच्या मागचं. खिचडीच्या खोलीच्या आडोशाला एका कुत्रीनं पाच पिल्लं घातली होती. चार लोकांनी नेली. पाचव्याचा एक कान उभा आणि एक पडलेला, रंग चहात दूध कमी पडल्यासारखा. ते कोणीच नेलं नाही. मग एक दिवस कुत्रीही दिसेनाशी झाली, आणि मी त्याला डब्याच्या पिशवीत घालून जीपनं घरी आणलं. वाटेत त्यानं पिशवी ओली केली. ते मी धरत नाही, कारण तेव्हा शिकवणी सुरू झाली नव्हती.

का आणलं, तेही सांगते. उन्हाळ्यात आमच्या लेकीचं लग्न झालं. घरात उरलो तिघं, सासूबाई, नवरा आणि मी. नवऱ्याचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे, हंगामात तो घरी फक्त जेवायला आणि घोरायला येतो. सासूबाईंचं आणि माझं वाकडं काही नव्हतं, पण आमचं जे काही बोलणं व्हायचं ते लेकीवरून. तिचे केस कोण विंचरणार, तिला कोणाची भाजी आवडते, तिला कोणी बिघडवलं. ती गेली आणि दोघींना भांडायला विषयच राहिला नाही. संध्याकाळी मी शाळेतून यायचे, दारात चपला काढायचे, आणि कोणीच धावत यायचं नाही. मला ते फार लागायचं. पंचेचाळिशीच्या बाईनं असलं काही बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी पिल्लू आणलं.

सासूबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि घरात कुत्रं पाळणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं जे मत होतं ते सविस्तर सांगितलं. कुत्र्याची जागा वावरात. राखण करावी, भाकर खावी. घरात महालक्ष्म्या बसतात, सोवळं-ओवळं असतं, तिथं हे कशाला? पिल्लानं तेवढ्यात त्यांच्या पायाचा अंगठा चाटला. त्यांनी पाय मागं घेतला, पण जरा उशिराच घेतला असं मला वाटलं.

शेवटी त्यांनी अट घातली. "महालक्ष्म्या बसायच्या आत शिकलं तं राहील. नाही तं सालदारासंगं वावरात जाईल."

वावरात जाणं ही काही साधी बदली नव्हती. आमचं शेत डोंगराच्या पायथ्याला आहे. तिथं राखणीला ठेवलेली आधीची दोन्ही कुत्री बिबट्यानं नेली होती. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला आमचा सालदार हे अगदी सहज सांगतो, पाऊस कुठवर आला ते सांगावं तसं. सासूबाईंनाही ते माहीत होतं. मला तर होतंच. महालक्ष्म्या म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, तेव्हा माझ्या हातात दोन महिन्यांच्या आतबाहेर वेळ होता.

नाव ठेवायचं नाही, हीही त्यांचीच अट. नाव ठेवलं की मग हाकलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या घरात ते 'ते' होतं. 'त्यानं केलं', 'ते कुठं गेलं', 'त्याला पाहा'. शेजारीण म्हणाली, तुम्ही नवऱ्याबद्दल बोलताय की काय तेच कळत नाही.

शिकवणीला सुरुवात झाली. नवऱ्याचं तंत्र एकाच वाक्याचं होतं, घरात घाण केली की त्याचं नाक त्यात घासायचं. आमच्या इकडे सगळे तेच करतात. मी म्हटलं, माझ्या वर्गात असं केलं असतं तर मी आज तुरुंगात असते. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस बंगल्याच्या हिरवळीवर उभा राहून सांगत होता की जागा एकच ठेवा, पिल्लाला तिथला वास ओळखीचा करून द्या, खाल्ल्यावर आणि झोपून उठल्यावर लगेच तिथं न्या, आणि केलं की शाबासकी द्या. हिरवळ आमच्याकडे नाही. पण घरामागं गोठा आहे, गोठ्यापलीकडं उकिरडा आहे. घाण करायला याहून योग्य जागा कोणती? मी त्याला उचलून उकिरड्यावर नेऊ लागले.

आणि काय सांगू, तिसऱ्याच दिवशी ते शिकलं. उकिरड्यावर सोडलं की नाक खाली घालायचं, एक गिरकी घ्यायचं आणि काम उरकायचं. मी त्याला शेंगदाण्याचा दाणा द्यायचे. शाळेत सगळ्यांना सांगितलं. मुख्याध्यापकांनाही सांगितलं. ते ऑनलाइन माहिती भरत होते, 'छान' म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा आवाज आला. मी जाऊन पाहते तर पडवीत, नुकत्याच काढलेल्या रांगोळीला लागून, त्यानं कार्यक्रम उरकला होता. शेजारी शेपूट हलवत उभं होतं आणि माझ्याकडे दाण्यासाठी पाहत होतं.

आमच्या घरात फरशी येऊन बरीच वर्षं झाली, पण समोरची पडवी सासूबाईंनी मातीचीच ठेवली आहे. वर टिनाचं छप्पर आहे, त्यामुळे पावसाळ्यातही सारवण चुकत नाही. रोज सकाळी त्या गाईचं ताजं शेण पाण्यात कालवतात आणि पडवी हातानं सारवतात. हाताची अर्धी वर्तुळं एकाला एक लागून अशी उमटतात की पाय ठेवायला जीव होत नाही. त्यावर उंबऱ्याशी छोटी रांगोळी. हे त्यांचं काम, त्यात त्या मला हात लावू देत नाहीत. माझं सारवण पोपडे धरतं म्हणे.

पाचव्या दिवशी तेच. सहाव्या दिवशी तेच. घरात आत फरशीवर करायचं नाही, अंगणात करायचं नाही, भर पडवीत, तेही सारवण ओलं असताना. सासूबाईंचं ठाम मत झालं की ते मुद्दाम करतं, त्याला त्यांचा राग आहे. मलाही मनातून तसंच वाटू लागलं. मी वेळापत्रक बदललं, दाणे वाढवले, एकदा रागावून 'बाहेर उभं राहा' असंही म्हणाले. ते बाहेरच उभं होतं. राखीपौर्णिमा आली आणि गेली, नणंदेची राखी बांधून झाली, आणि आमची प्रगती शून्य. महालक्ष्म्यांना जेमतेम तीन आठवडे उरले.

एका रविवारी मी ठरवलं की आज काहीच करायचं नाही, नुसतं पाहायचं. वर्गात एखादं पोर कोणाचंच ऐकत नसलं की मी हेच करते. चहाचा कप घेऊन ओट्यावर बसले. सासूबाईंनी शेण कालवलं. पिल्लू कोपऱ्यात झोपलं होतं. बादली हलली तसं त्याचं नाक हललं. सारवण संपलं, त्या हात धुवायला न्हाणीकडे गेल्या. ते उठलं, आळस दिला, पडवीत आलं, नाक खाली घातलं, एक गिरकी घेतली.

मला हसूच फुटलं. चहा सांडला. अहो, त्याला मीच शिकवलं होतं की जिथं शेणाचा वास तिथं जायचं. माझा विद्यार्थी पहिल्या नंबरानं पास झाला होता, आणि आम्ही दोघी रोज सकाळी त्याच्यासाठी घरासमोर एक नवा कोरा उकिरडा तयार करून त्यालाच दटावत होतो. शहरातल्या त्या हिरवळीवाल्या माणसाला ही अडचण सुचलीच नसणार.

इथं मी थांबायला हवं होतं. पण तोंड आवरत नाही हे मी आधीच सांगितलंय. मी तशीच हसत न्हाणीपाशी गेले आणि सासूबाईंना म्हणाले, आत्याबाई, त्याची काही चूक नाही, आपली पडवी त्याला उकिरडा वाटते.

त्यांनी हात पुसले. माझ्याकडे पाहिलं. "पन्नास वर्षं झाले मी सारवून राह्यली. माह्या सारवणाले आजवर कोणी उकिरडा म्हटलं नाही."

त्यानंतर तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. निरोप नवऱ्यामार्फत यायचे. 'तिले सांग, दूध उतू चाललं.' मी समोर, दूध समोर, नवरा मधे ताटावर. तोही बिचारा सांगायचा.

सारवण बंद होणार नव्हतं, ते मागणं मी स्वप्नातही केलं नसतं. म्हणजे पिल्लाचाच धडा बदलायला हवा होता. उकिरडा पुसून टाकायचा आणि दुसरा वास शिकवायचा. गोठ्याशेजारच्या टिनाखाली गेल्या साली काढलेलं सोयाबीनचं कुटार होतं. मळणीनंतर उरलेला तो भुसा आम्ही जनावरांसाठी साठवतो. त्याचा खालचा थर ओल लागून काळा पडला होता, गाय त्याला तोंड लावत नव्हती. तोच मी टोपल्यानं काढला आणि भिंतीच्या कडेला, खाटेएवढ्या जागेत पसरला. ज्या फडक्यानं पडवीतली त्याची घाण पुसायचे ते फडकं धुतलंच नाही, कुटाराखाली पुरून ठेवलं. नवरा म्हणाला, हे शिकवण्यासाठी तुला डी.एड. करावं लागलं होतं का?

पहिले पाच-सहा दिवस नुसता गोंधळ. कुटार पायाला टोचत नाही, मऊ लागतं, म्हणून ते त्यावर झोपायचं, लोळायचं, आणि मग उठून पडवीत जाऊन काम करायचं. मी पहाटे सारवणाच्या आधी उठायचे, त्याला बगलेत मारून कुटारावर न्यायचे आणि तिथंच उभी राहायचे. शाळेची वेळ होत यायची, अंगावर निम्मी साडी, आणि मी एका कुत्र्याला विनवण्या करतेय. एकदा शेजारीण भिंतीवरून पाहत होती. तिला वाटलं मी गाईशी बोलतेय. तो समज मी तसाच राहू दिला.

मग एक दिवस त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याला बाहेर जायचंय हे पटकन कळायचंही नाही. भुंकायचं नाही, ओरडायचं नाही. मागच्या दारापाशी जाऊन बसायचं आणि कडीकडे पाहत राहायचं. कडी काढली की सरळ कुटार. पडवीत सारवण ओलं असलं तरी कडेकडेनं, अंग चोरून निघून जायचं.

सासूबाईंचा विश्वास बसला नाही. सणाला सहा दिवस उरले असताना त्यांनी परीक्षा घेतली. पडवी जरा जास्तच दाट सारवली, आणि हातात काठी घेऊन पाटावर बसल्या. पिल्लू आलं. नाक खाली घातलं. त्यानं सारवण हुंगलं, सासूबाईंकडे पाहिलं, आणि घरातून मागच्या दाराकडे चालू लागलं. सासूबाई काठी टेकवत त्याच्यामागं कुटारापर्यंत गेल्या, सगळं नीट पाहिलं आणि परत येऊन भाजी निवडायला बसल्या. दुपारी त्याच्या भाकरीवर ताकाबरोबर दोन चमचे वरण पडलेलं मी पाहिलं.

म्हणजे जिंकलो, असं मला वाटायला हवं होतं. पण महालक्ष्म्या जवळ आल्या तशी मला दुसरीच काळजी लागली. आमच्याकडे महालक्ष्म्या अंगणातून येतात. पडवीपासून देव्हाऱ्यापुढच्या मखरापर्यंत, घरातल्या फरशीवरूनसुद्धा, सासूबाई शेणाचा हातभर रुंद पट्टा सारवतात आणि त्यावर पावलं काढतात. आता वास थेट देवीच्या पायांपर्यंत जाणार होता. घरात पाहुणे, गडबड, नवी माणसं. पिल्लू चुकलं असतं तर एकदाच चुकलं असतं, आणि तेवढं पुरे होतं.

सणाच्या पहिल्या दिवशी मी त्याला नवऱ्याबरोबर दुकानात पाठवलं. दुसरा दिवस जेवणाचा, दुकान बंद. सोळा भाज्या, आंबील, पुरण, मखरावर टांगायचा करंज्या-पापड्यांचा फुलोरा. रोहिणखेडहून नणंद आलेली, भावकीतल्या बाया आलेल्या. सकाळी सहालाच मी पिल्लाला मागच्या खोलीत कोंडलं. जुने पंप ठेवायची ती खोली, फरशी सिमेंटची, दार जड. सासूबाईंना सांगितलं की ते झोपलंय. मग मी कामाला लागले आणि, खरं ते सांगते, त्याला विसरले.

सासूबाई स्वयंपाकघरात सोवळ्यात होत्या. त्या दिवसाचं त्यांचं सोवळं फार कडक. पहाटे न्हाऊन, कोणाचा हात न लागलेली साडी नेसून, नैवेद्य होईपर्यंत पाणीही घ्यायच्या नाहीत. लेक लहान असताना एकदा तिनं मागून येऊन त्यांचा पदर धरला होता, तेव्हा त्यांनी पुन्हा न्हाऊन पुरण पहिल्यापासून घातलं होतं. मी उंबऱ्याबाहेरून सामान सरकवत होते. पंपांची खोली स्वयंपाकघराच्या भिंतीला लागूनच. त्यांनी मला दोनदा विचारलं की ते काऊन रडते. मी दोन्ही वेळा म्हटलं, लाड करतंय, होईल गप्प. ते गप्प झालंही.

साडेबाराच्या सुमाराला त्यांनी पुरणाची कढई खाली उतरवली आणि त्या बाहेर आल्या. मला वाटलं काही हवंय. त्या माझ्याकडे न पाहता खोलीकडे गेल्या आणि दार उघडलं. मी मागोमाग धावले, फरशीवर काय पाहावं लागणार म्हणून आधीच फडकं घेऊन. फरशी कोरडी होती. पिल्लू दाराच्या फटीपाशी बसलं होतं, मागचे पाय थरथरत होते. दार उघडताच ते उठलं आणि मागच्या दाराकडे निघालं, पण मधल्या घरात सगळ्या बाया बसलेल्या. केळीची पानं, भाज्यांच्या पराती, फुलोऱ्याची ताटं, पाऊल ठेवायला जागा नाही. ते त्या सगळ्यापुढं थांबलं. एका बाजूला शेणाचा पट्टा होता, दोन पावलांवर. ते तिकडे गेलं नाही. कडीकडे पाहत उभं राहिलं.

सासूबाईंनी वाकून त्याला दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं, आणि परातींमधून, बायांच्या डोक्यांवरून वाट काढत मागच्या दारानं बाहेर नेलं. नणंदेच्या हातातली करंजी हातातच राहिली. मी दारातून पाहिलं. त्यांनी त्याला कुटारावर ठेवलं आणि त्याचं होईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या. फार वेळ लागला त्याला.

परत आल्यावर नणंद हळूच म्हणाली, आई, सोवळं मोडलं. त्या म्हणाल्या, पुन्हा न्हाईन. मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"सकाळपासून धरून बसलं लेकरू. शिकवलं तूच, अन् भरोसा तुलेच नाही."

त्या न्हायला गेल्या. डाळ पुन्हा शिजायला पडली, नैवेद्याला तीन वाजले, बाया भुकेनं कळवळल्या, आणि कोणाचीही कुरकुर करायची हिंमत झाली नाही. माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं म्हणणं शोभलं असतं, पण दोन पुरणपोळ्या उतरल्या. मात्र मला स्वतःची खरोखर लाज वाटली. ते पिल्लू साडेसहा तास माझ्या शब्दाला जागलं होतं, आणि दार मी लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी हळदी-कुंकवाला पुन्हा घर भरलं. मी एकही दार लावलं नाही. पिल्लू झोपेतून उठलं, मखरापर्यंत गेलेल्या पट्ट्यापाशी आलं आणि नाक खाली घातलं. मी जागची हलले नाही, हातातला कुंकवाचा करंडा घट्ट धरून ठेवला. सासूबाई तिथून दोन हात अंतरावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही.